हायब्रिड या एका शब्दाची किंमत

मे महिन्यातली संध्याकाळ होती. हिंजवडी फेज टूमधून निघून शिवाजी चौकापर्यंत यायलाच पाऊण तास गेला होता. माझी गाडी सर्व्हिसिंगला टाकलेली, म्हणून ऑफिसातला एक तरुण सहकारी मला वडगावला सोडत होता. रस्त्यावर गाड्यांची रांग ठप्प, बाहेर अंग भाजतंय, आणि आत एसी मस्त गार. इंजिनचा आवाज मात्र नाही. पुढची गाडी दहा-पंधरा फूट सरकली, तशी हीही सरकली. तरीही आवाज नाही. मी विचारलं, "इंजिन चालू आहे ना रे?"

"नाही सर. जॅममध्ये बराच वेळ बंदच असतं. बॅटरीवर चाललीये." मग त्याने सहज विचारलं, "तुमचीपण हायब्रिडच आहे ना?"

होती. निदान माझ्या आरसीवर इंधनाच्या रकान्यात 'पेट्रोल/हायब्रिड' असंच छापलेलं आहे. दसऱ्याला घेतली होती, म्हणजे त्या संध्याकाळपर्यंत सात महिने झाले होते. या सात महिन्यांत माझी गाडी इंजिन बंद ठेवून एक फूटही पुढे गेलेली नव्हती. सिग्नलला इंजिन आपोआप बंद व्हायचं, एवढं खरं. पण उन्हाळ्यात थोड्याच वेळात जाळीतून कोमट हवा यायला लागायची, आणि एसीसाठी इंजिन पुन्हा सुरू व्हायचं. मला वाटायचं, हायब्रिड अशीच असते. त्या दिवशी भूमकर चौक येईपर्यंत मी काही बोललो नाही. शोरूममध्ये ऐकलेलं एकेक वाक्य आठवत होतो.

ती वाक्यं आजही पाठ आहेत. "सर, ही हायब्रिडच आहे. मोटर आहे, वेगळी बॅटरी आहे, ब्रेक मारला की चार्ज होते. चार्जिंगला लावायची कटकट नाही." यातला एकही शब्द खोटा नव्हता, म्हणून तर राग अजून जात नाही. मी ॲव्हरेज विचारलं. विक्रेत्याने कंपनीचा आकडा सांगितला आणि वर जोडलं, "हायब्रिड असल्यामुळे ट्रॅफिकमध्ये तर आणखी फायदा." मी विचार करायला दोन दिवस मागितले, तर म्हणाला, "दसऱ्याची डिलिव्हरी हवी असेल तर बुकिंग आजच करावं लागेल." आम्ही आधी दुसरी, साधी पेट्रोल गाडी जवळजवळ ठरवली होती. ती ऑन-रोड एक लाख साठ हजारांनी स्वस्त होती. या एका शब्दापायी ती सोडली.

हायब्रिड या नावाखाली बाजारात दोन वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिली माइल्ड हायब्रिड, माझ्या गाडीसारखी. हिच्यात इंजिनला पट्ट्याने जोडलेली एक छोटी मोटर असते. ती स्टार्टरचं आणि अल्टरनेटरचं काम करते, ब्रेक लावताना थोडी वीज साठवते आणि पिकअप घेताना काही क्षण इंजिनला हातभार लावते. बॅटरी लहान, मोटर लहान, त्यामुळे एकट्याच्या बळावर ती गाडी ओढू शकत नाही. दुसरी स्ट्राँग हायब्रिड. हिची मोटर गाडी एकटीने चालवू शकते, एसीचा कॉम्प्रेसरही विजेवर चालतो, आणि संगणक ठरवतो की या क्षणी इंजिन लागणार आहे की नाही. डिसेंबर १९९७ मध्ये टोयोटाने जपानमध्ये प्रियस विकायला काढली, ती या दुसऱ्या जातीची.

दोन्हींतला फरक सरकारलाही हिशेबात घ्यावा लागला. २०१५ साली हायब्रिड आणि विजेच्या गाड्यांसाठी केंद्राची फेम योजना आली, तेव्हा माइल्ड हायब्रिडलाही सवलत मिळत होती. १ एप्रिल २०१७ पासून ती काढून घेण्यात आली. सरकार दरबारी जो भेद झाला, तो शोरूमच्या टेबलावर मला कुणीही सांगितला नाही.

स्ट्राँग हायब्रिड खरोखर किती वाचवते, हे एकाच गाडीच्या दोन रूपांवरून नीट कळतं. इनोव्हा हायक्रॉसच्या साध्या पेट्रोल गाडीचा कागदावरचा आकडा लिटरला १६.१३ किलोमीटर आहे, हायब्रिडचा २३.२४. होंडा सिटीची साधी गाडी अठराच्या आसपास, तर मे २०२२ मध्ये आलेली तिची हायब्रिड २६.५. शहरात एरवी ब्रेकमध्ये उष्णता होऊन वाया जाणारी शक्ती ही गाडी परत बॅटरीत भरते. शिवाय तिचं इंजिनही वेगळ्या धाटणीचं असतं. ॲटकिन्सन पद्धतीत आत घेतलेली हवा कमी दाबली जाते आणि ज्वलनानंतर तिला प्रसरण पावायला जास्त वाव मिळतो. त्याने कमी वेगातली ओढ घटते, पण पेट्रोल वाचतं, आणि घटलेली ओढ मोटर भरून काढते. सिग्नल-जॅमच्या रस्त्यावर हे सगळं फळाला येतं. हायवेवर एकसारख्या वेगाने जाताना ब्रेकच फारसा लागत नाही, तिथे हा फायदा बराच आकसतो.

मी शोरूममध्ये परत गेलो. ज्याने गाडी विकली तो नोकरी सोडून गेला होता. मॅनेजरने ब्रोशर उलगडून एका ओळीवर बोट ठेवलं. "लिहिलेलं आहे सर." होतं लिहिलेलं 'माइल्ड हायब्रिड', इंग्रजीत, तांत्रिक तक्त्याच्या खालच्या टोकाला. मी म्हणालो, ॲव्हरेज शहरात साडेअकराच्या वर जात नाही. तो शांतपणे म्हणाला, "मग तुमचं ड्रायव्हिंग बघावं लागेल."

सत्तावीस वर्षं गाडी चालवतोय मी. कऱ्हाडला, गावी, घाटातून रात्री-अपरात्री गेलेलो आहे. ते वाक्य मला फार लागलं. त्याच संध्याकाळी बायकोने एक दोनशे पानी वही काढली आणि पहिल्या पानावर तारीख घातली. पुढचे चौदा महिने आम्ही पेट्रोलचा थेंब न् थेंब त्या वहीत लिहिला. पावत्यांचे फोटो काढून ठेवले, कारण त्यांची शाई उन्हाने उडते.

ज्यांना आपल्या गाडीचं खरं ॲव्हरेज हवं आहे, त्यांनी आधी समोरच्या मीटरवर विसंबणं सोडावं. माझा मीटर सोळा दाखवत होता, तेव्हा हिशेबाने पंधराही निघत नव्हतं. फुल टँक ते फुल टँक हीच पद्धत खरी. एकच पंप, शक्यतो एकच मशीन, आणि नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडलं की तिथेच थांबायचं. पंपावरचा मुलगा आकडा पूर्ण करायला आणखी थोडं भरू पाहतो, त्याला नाही म्हणायचं. एका भरण्यावरून काही ठरवायचं नाही, किमान तीन भरण्यांची सरासरी घ्यायची.

कंपनीचा आकडा आणि आपला आकडा यांत अंतर का पडतं, याचं उत्तर पुण्यातच आहे. संध्याकाळी फिरायला जाणारे पुणेकर ज्या टेकडीला एआरएआय टेकडी म्हणतात, तिथली एआरएआय ही गाड्यांची चाचणी घेणारी संस्था १९६६ सालची. गाडी रोलरवर चढवून ठरलेल्या क्रमाने चालवली जाते, एसी बंद असतो, आणि वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही. या चाचणीत लबाडी नाही. सगळ्या गाड्यांना एकच मोजपट्टी लावायची म्हणून ती तशी आखलेली आहे. दोन गाड्या एकमेकींशी ताडून पाहायला तो आकडा घ्यावा. महिन्याचं बजेट मांडायला घेऊ नये. विक्रेते मात्र तो नेमका बजेट मांडतानाच पुढे करतात.

आता वहीत काय निघालं ते सांगतो.

सर्वांत मोठा फरक पडला हायवेवर, आणि तोही फुकट. कऱ्हाडच्या फेऱ्या मी शंभर-एकशेदहाने करायचो, तेव्हा पंधरा पडायचं. वेग ऐंशी-पंच्याऐंशीवर आणला आणि आकडा पावणेएकोणीसवर गेला. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ऐंशीवरून शंभरावर गेलं तर वेग पंचवीस टक्के वाढतो, पण हवा ढकलायला लागणारा जोर छपन्न टक्क्यांनी वाढतो. खंबाटकी घाट आणि रस्त्याची वळवावळवी धरली तर गावी पोचायला वीस-बावीस मिनिटंच जास्त लागली.

शहरात पाय सुधारावा लागला. समोर सिग्नल लाल दिसत असताना ॲक्सिलरेटर दाबत राहायचं आणि शेवटी ब्रेक मारायचा, ही बहुतेकांची सवय, माझीही होती. लांबूनच पाय काढला की गाडी आपल्या गतीने येत राहते, आणि पुष्कळदा पोचेपर्यंत हिरवा झालेला असतो. पूर्ण थांबलेली गाडी पहिल्या गिअरमध्ये उचलण्याइतकं खर्चीक काही नाही. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या अंदाजाने धसमुसळं चालवण्यामुळे थांबत-थांबत जाणाऱ्या वाहतुकीत ॲव्हरेज दहा ते चाळीस टक्क्यांनी घसरू शकतं. मॅनेजरचं ते वाक्य त्या मानाने अगदीच निराधार नव्हतं. पण ते त्याने मला सुधारण्यासाठी म्हटलं नव्हतं, वाटेला लावण्यासाठी म्हटलं होतं.

इथे एक गोष्ट अगदी कळवळून सांगायची आहे. उतारावर गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचतं, असं मलाही तीन जणांनी सांगितलं. एक तर ते तांत्रिकदृष्ट्याच चूक आहे. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर तसाच ठेवून पाय काढला की उतारावर चाकंच इंजिनला फिरवतात आणि इंजेक्टर पेट्रोल पूर्ण बंद करतो. न्यूट्रल केलं की इंजिनला स्वतःच्या बळावर फिरत राहायला उलट पेट्रोल लागतं. आणि दुसरं, जे जास्त महत्त्वाचं: गिअर सुटला की इंजिनाचा अडसर जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापले की धरत नाहीत. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर अवजड गाड्या डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडल्या जातात, हे कारण तिथल्या अपघातांनंतर पुन्हा पुन्हा पुढे आलं आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याच उतारावर एका अवजड वाहनाने डझनावारी गाड्या उडवल्या. माझं घर तिथून जवळ आहे. तो आवाज ज्यांनी ऐकला, त्यांच्यासमोर न्यूट्रलचा सल्ला कुणी देऊ नये.

बाकीच्या गोष्टी सगळ्यांना माहीत असतात, पण करत कुणी नाही. हवा आठवड्याला नाही तरी पंधरा दिवसांनी तपासावी, टायर थंड असताना, आणि ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या तक्त्याप्रमाणे. पंपावर सगळ्यांना सरसकट पस्तीस भरतात, ते ऐकू नये. हवेने फार मोठा फरक पडतो असं मात्र नाही. एक पौंड कमी झाला तर ॲव्हरेज साधारण ०.२ टक्के उतरतं. टायर टिकतो, गाडी रस्ता धरते, हा फायदा मोठा. डिकीतलं ओझं उतरवावं, टपावरचं रिकामं कॅरिअर काढून ठेवावं. हाफ क्लचवर गाडी चढाला धरून ठेवू नये. एसी चोवीसवर पुरतो. गार इंजिन जास्त पेट्रोल खातं, म्हणून किराणा, बँक, क्लास अशा चार छोट्या फेऱ्या एका फेरीत बसवाव्यात.

आणि सर्व्हिस सेंटरमध्ये नाही म्हणायला शिकावं. त्याच शोरूमच्या वर्कशॉपमध्ये ॲव्हरेजची तक्रार केली, तर ॲडव्हायझरने इंजिनच्या 'ट्रीटमेंट'चे तीन हजार आठशे बिलात धरले. वहीत पुढच्या तीन भरण्यांचा आकडा जसाच्या तसा. एअर फिल्टर बदलला की ॲव्हरेज वाढतं, असंही त्याने सांगितलं. कार्बोरेटरच्या जमान्यात ते खरं होतं. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत संगणक हवा मोजून त्या मापानेच पेट्रोल सोडतो, त्यामुळे तुंबलेल्या फिल्टरने पिकअप मरतो, ॲव्हरेज फारसं हलत नाही. अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ साली हे तपासून पाहिलं आहे. फिल्टर वेळेवर बदलावाच, पण इंजिनसाठी. पेट्रोलच्या नळीला लावायची चुंबकं, टाकीत टाकायच्या गोळ्या यांवर रुपयाही घालवू नये. साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या गाडीत महागडं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरूनही ॲव्हरेज वाढत नाही, हे मी चार टाक्या भरून पाहिलं.

इथेनॉलबद्दल मला दरवेळी विचारलं जातं. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने लिटरमागे साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून वीस टक्के मिश्रणाने ॲव्हरेज थोडं घटणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच हे मान्य केलेलं आहे: जुन्या, दहा टक्के मिश्रणापुरत्या जुळवलेल्या चारचाकींत सहा ते सात टक्के, आणि वीस टक्क्यांसाठी जुळवलेल्या गाड्यांत एक ते दोन टक्के. आमच्या भावकीतला ऊस कारखान्यावर जातो आणि कारखान्याला इथेनॉलचे पैसे मिळतात, त्यामुळे मी या धोरणाविरुद्ध बोलणार नाही. पण गाडी विकताना हा फरक ग्राहकाला सांगायला हवा होता, एवढं म्हणण्याचा हक्क मला आहे.

चौदा महिन्यांनंतर शहरातला आकडा ११.४ वरून १४.२ वर आला. माझं वर्षाचं रनिंग अकरा हजार. लिटरला १०४ रुपये धरले तर वर्षाला सुमारे १९० लिटर, म्हणजे वीस हजारांच्या आसपास वाचतात. मग हा फायदा त्या छोट्या मोटरचा की माझ्या पायाचा, हेही पाहिलं. थंडीत एक महिना सिग्नलला इंजिन आपोआप बंद होण्याची सोय चालू ठेवली, पुढचा महिना बटण दाबून बंद ठेवली. रस्ता तोच, वेळा त्याच. फरक अर्ध्या किलोमीटरचाही नव्हता. ज्या गोष्टीसाठी मी एक लाख साठ हजार जास्त मोजले, तिची माझ्या रस्त्यावरची किंमत ही. तेवढ्या पैशांत आज माझी पावणेदोन-दोन वर्षं पेट्रोलची निघाली असती.

मग सहकाऱ्यासारखी स्ट्राँग हायब्रिड घ्यायला हवी होती का? त्याचीही आकडेमोड केली. तिला शहरात वीस पडतं, म्हणजे माझ्या चौदाच्या पुढे सहा किलोमीटर. माझ्या अकरा हजारांच्या रनिंगवर वर्षाला वाचणार साधारण साडेचोवीस हजार. साध्या गाडीपेक्षा चार लाख जास्त मोजावे लागत असतील, तर ते फिटायला सोळा वर्षं लागतात. ज्याचं रनिंग वर्षाला तीस हजार आहे आणि बहुतेक शहरातलं आहे, त्याचे तेच चार लाख सहा वर्षांत वसूल होतात. त्याने खुशाल घ्यावी. फक्त बॅटरीची वॉरंटी वेगळी विचारावी, टोयोटासारखी कंपनी तिला आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर देते. डिकी किती उरते तेही सुटकेस नेऊन पाहावं, कारण बॅटरी कुठेतरी जागा घेतेच. माझ्यासारख्या कमी रनिंगच्या माणसाला साधी पेट्रोल गाडी आणि शिस्तीचा पाय पुरेसा होता. हे मला कुणी टेबलावर कागद घेऊन दाखवलं असतं तर मी त्याच शोरूममधून दुसरी गाडी घेतली असती आणि त्यांचा ग्राहकही राहिलो असतो.

मॅनेजरला मी वहीच्या प्रती नेऊन दिल्या. त्याने दोन पानं चाळली आणि म्हणाला, "आता तर चांगलं देतीये ना सर?" पुढे काही बोलण्यासारखं राहिलं नाही. ग्राहक मंचात जायचा विचार केला होता. पण वकिलाने पहिलाच प्रश्न विचारला, "तोंडी सांगितलं ते कुठे लिहून दिलंय का?" नव्हतं.

म्हणून गाडी घ्यायला जाणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगणं आहे. हायब्रिड आहे का, असं विचारूच नका. इंजिन बंद ठेवून ही गाडी नुसत्या मोटरवर चालते का, आणि इंजिन बंद असताना एसी थंड राहतो का, हे दोन प्रश्न विचारा. टेस्ट ड्राइव्ह संध्याकाळी सहाला, तुमच्या नेहमीच्या जॅमच्या रस्त्यावर मागा, मोकळ्या रस्त्यावरची नको. दोन्ही उत्तरं कोटेशनवर लिहून घ्या, खाली सही आणि शोरूमचा शिक्का घ्या, आणि मगच बुकिंगचे पैसे भरा. दसरा हुकला तर पाडव्याला घ्या.